रविवारचा पडदा

रविवार, १५ जुलै १९९०
दुकानातून

प्रिय लोव्रे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच चुलीत सारलं नसशील, असं धरून लिहिते. तू खुशाल असशील. आयलीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि ती आता काठीशिवाय चालते, असं कळलं. कुणाकडून ते विचारू नकोस, तुला गाव माहीत आहे. जोसीला ऑक्टोबरात बाळ होणार, हेही कळलं. तू आजोबा होणार! मला तर तू अजून गुडघे फुटलेला, द्राक्षांच्या मांडवावरून पडणाराच आठवतोस.

आमचं इकडे बरं चाललंय. जुलैची थंडी नेहमीची, ओली, हाडांत शिरणारी. रताळी कोठारात गेली. आई शहाऐंशीची झाली, पण तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत. काल तिने कोंबडा स्वतः कापला आणि मला म्हणाली, "तू लांब उभी राहा, तुला चक्कर येते." मी बावन्न वर्षांची आहे, लोव्रे.

आपलं पोस्ट बंद झालं त्याला दोन वर्षं झाली. आता टपाल माझ्याच काउंटरवर येतं. म्हणजे हे पत्र मीच लिहिणार, मीच तिकीट लावणार आणि मीच पिशवीत टाकणार. मनात आलं तर परतही काढून घेऊ शकते, म्हणून टपालाची बस येईपर्यंत मी काउंटरपाशी जाणार नाही असं ठरवलंय.

परदेशी मालाला परवाना लागेनासा झाल्यापासून दुकान तुला ओळखू येणार नाही. इटलीहून आलेला पास्ता पाच आकारांत ठेवलाय. हातात घेऊन बघणारी एकटी आई, आणि तीही म्हणते की माझ्या हातचा याहून बरा. रबरी बूट इतके स्वस्त झाले की म्हातारे आन्ते एकदम तीन जोड घेऊन गेले. "उद्या सरकार बदललं तर?" म्हणाले. मेंढीवाल्यांचं अनुदान थांबलं तेव्हा वाटलं होतं गाव उठणार, आणि वरच्या रस्त्यावरची चार घरं उठलीही. त्यांची आठवण येते. पण पराओनेबाईंचा जावई मेंढ्या विकून फुलं लावायला लागला आणि आता जपानला पाठवतो. तिकडे ती देवाला वाहतात की जेवणात घालतात हे त्याला माहीत नाही, पण तो नवी मोटार घेऊन फिरतो आणि सगळ्यांना हात करतो.

आणि आता रविवारी दूध-पावाखेरीज काही विकू न देणारा दुकानांचा कायदा गेला. तुला मी काय सांगणार! एक ऑगस्टपासून रविवार मोकळा. पाच तारखेला, पहिल्याच रविवारी, मी सकाळी नऊला दोन्ही बाजू उघडणार आहे. दूध-पावाची डावी बाजू आणि पडद्यामागची उजवीसुद्धा. कुणाला रविवारी खिळा हवा, दोरी हवी, कढई हवी, तर ती मी उजळमाथ्याने देणार.

यात तुझं दुकान-तपासनिसाचं पद गेलं, हेही कळलं. मला आनंद झाला असेल असं तुला वाटेल. खोटं कशाला बोलू, झालाही. दोन मिनिटं. मग चहा कडू लागला आणि मी तो ओतून दिला.

लिहिण्याचं कारण असं. गेल्या सोमवारी मी पडदा काढायला शिडीवर चढले. तोच तो, आईने पिठाच्या पोत्यांचा शिवलेला, दर शनिवारी रात्री ओढायचा आणि सोमवारी सकाळी सारायचा. म्हटलं, उतरवते आणि अंगणात जाळते. कुणी सांगितलं कोण जाणे, आई वरच्या घरून काठी टेकत आली आणि शिडीखाली खुर्ची घेऊन बसली.

"हात लावायचा नाही," म्हणाली.

"अगं आई, कायदा गेला! आता याचं काय करायचंय?"

"कायदा सरकारचा. पडदा माझा. दांडी माझ्या लेकाने ठोकलीय, तोच काढेल."

"तो काय येतोय!"

"मग राहू दे लटकलेला. मला काही घाई नाही, मी शंभरी गाठणार आहे."

तिच्यापुढे माझं कधी काही चाललंय? पडदा जागच्या जागी आहे. पाच तारखेला मी पडदा लावलेलं दुकान उघडलं तर सारं गाव हसेल. तेव्हा तू ये. दांडी काढ, आईला भेट आणि परत जा. आयलीनलाही आण. मी फ्रितुले तळीन, वर साखर जास्त घालीन. जुनं काही उगाळायचं नाही. तू तुझ्या साहेबाला घेऊन आलास, सख्ख्या बहिणीला कोर्टात उभं केलंस, मी गावभर जे बोलले ते बोलले. त्या रविवारला आज बरोबर अकरा वर्षं झाली. आदल्या शनिवारचं तर आपण सोडूनच देऊ.

तुझी बहीण,
विन्का


फांगारेई
२० जुलै १९९०

श्रीमती विन्का बुरिच यांस,

आपलं दि. १५ जुलैचं पत्र पोचलं. मजकूर समजला.

पाच ऑगस्टला येणं जमणार नाही. सव्वीस वर्षं मी रविवारी दुकानात गेलो तो फक्त कामासाठी. आता काम नाही, तेव्हा जाण्याचंही कारण नाही. दांडी दोन स्क्रूंवर आहे. डावा गंजला असेल, त्याला आधी तेल घाला.

माझ्या नोकरीबद्दल आपण लिहिलं. खात्याने निरोप समारंभ केला, घड्याळ दिलं. ते दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. आयलीन म्हणते, आता तुम्हाला कुठे जायचंय?

इथपर्यंत लिहून मी कागद दोन दिवस ठेवून दिला होता. आयलीनने वाचला आणि म्हणाली, "ही नोटीस आहे की पत्र?" म्हणून पुढचं लिहितो.

विन्का, मला फक्त एक जाणून घ्यायचंय. त्यावर माझं येणं न येणं अवलंबून आहे असं समजू नकोस. त्या शनिवारी मी तुला फोन केला होता. म्हणालो होतो, उद्या वारा आहे, पडदा नीट ओढ आणि दोन्ही टोकांना पिना लाव. तू "बरं" म्हणालीस. ते तू कधी कुणाला सांगितलंस का?

मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, ही एक गोष्ट. दुसरी अशी, की आपल्या गावच्या हॉलमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसेना तेव्हा मला वाटायचं, आता विन्का उठेल आणि सांगेल. तीन वर्षं वाट पाहिली. मग हॉलमध्ये येणंच सोडलं.

आईला नमस्कार.

एल. बुरिच


रविवार, २९ जुलै १९९०

प्रिय लोव्रे,

नाही सांगितलं. कुणालाच नाही. कालपर्यंत.

तुझं पत्र मंगळवारी आलं आणि मी ते शेल्फावर पास्त्याच्या मागे लपवून ठेवलं. बुधवारी आई पास्ता न्यायला आली! जन्मात तिने तो विकत नेला नव्हता. पाकीट हातात घेऊन म्हणाली, "वाच." मी वाचलं. फोनचा भाग मी गाळून पुढे गेले.

"एक गाळलंस," आई म्हणाली.

"कुठे काय गाळलं?"

"वाऱ्याचं. पिनांचं."

लोव्रे, मी पत्र खाली ठेवलं. म्हटलं, तुला कसं ठाऊक?

"मी काय बहिरी होते?" आई म्हणाली. "टेलिफोनच्या एका तारेवर आठ घरं. दुकानाची घंटा वाजली, दोन लांब एक आखूड, की मी उचलायचेच. सगळेच उचलायचे. त्या दिवशी बाकीचे रग्बी ऐकत बसले होते, फ्रान्सने आपली घरात येऊन धुलाई केली ना, तेव्हा. मला रग्बीचं काय? मी तुमचंच ऐकत होते."

"आणि अकरा वर्षं गप्प बसलीस?"

"तू बसलीस ना? मग मी कोण मध्ये पडणारी? तोंड तुझं, भाऊ तुझा."

मग मला कळलं, दर नाताळला माझ्या धुराडीतले सॉसेज कमी कसे व्हायचे ते. बसवाल्याच्या हाती ते तुलाच जायचे ना? आणि मदर्स डेला तू मागच्या रस्त्याने आईकडे यायचास, हेही तिने सांगून टाकलं. दर वर्षी मी त्या दिवशी तिच्यासाठी केक घेऊन जायचे, तेव्हा ताटलीत दोन चमचे असायचे. मला वाटायचं म्हातारी विसरभोळी झाली.

आता माझं ऐक. हे मी नीट लिहिते, मध्ये थांबवू नकोस.

तुझा फोन मला पुरता समजला होता, उद्या तपासणी आहे म्हणून. पडदा मी ओढलाही. पिना मात्र हातात घेऊन परत डब्यात टाकल्या. रविवारी तू साहेबाच्या मागोमाग आत आलास तेव्हा पराओनेबाई दूध घेत होत्या. त्या सहज म्हणाल्या होत्या की नातवाच्या बाप्तिस्म्याच्या शालीला दोन गुंडे पांढरी लोकर कमी पडतेय, पण आज रविवार, उद्या येते. तुम्हाला दारात पाहून मीच मोठ्याने म्हणाले, "उद्या कशाला? आत्ताच न्या!" पडदा फर्रकन सारला, गुंडे काढले, पावतीसुद्धा सुवाच्य अक्षरात लिहिली. बिचाऱ्या बाई घाबरून म्हणत होत्या, "अगं राहू दे, विन्का, राहू दे." तू त्या पावतीकडे पाहत होतास. माझ्याकडे पाहिलं नाहीस. साहेबाने कागद पुढे केला आणि साक्षीदार म्हणून तू सही केलीस. दुसरं करणार काय होतास?

मला खटला हवा होता, लोव्रे. कायद्याशी भांडायचं होतं, ते तर होतंच. त्या कायद्याच्या नावाने मी पुढेही बरीच वर्षं खडे फोडले. पण खरं कारण दाराच्या वर टांगलेलं आहे. 'बुरिच आणि मुलगा.' बाबांनी पाटी केली तेव्हा तू सोळाचा होतास. वीस वर्षांचा झालास आणि म्हणालास, मला तराजूसमोर उभं राहायचं नाही. मी राहिले. पहाटे पाव उतरवून घेतला, बाबांच्या आजारपणात दुकान रेटलं, लग्नाची दोन स्थळं त्याच काउंटरवरून परत पाठवली. आणि येणारा प्रत्येक विक्रेता पाटी वाचून विचारायचा, "मालक कुठे आहेत?" मला वाटलं, एकदा पेपरात माझा फोटो येईल, खाली नाव येईल, मग कळेल दुकान कुणाचं ते.

फोटो आला. तुला आठवत असेल, मी दोन्ही हातांत लोकर धरून पडद्यापुढे उभी आहे. खाली छापलं होतं, 'बुरिच आणि मुलगा या दुकानातली विक्रेती मुलगी.' एक्केचाळीस वर्षांची मुलगी! तेव्हा तरी मी हसायला हवं होतं. हसले असते तर त्याच दिवशी तुला फोन केला असता. पण लोक मला हॉलमध्ये खांद्यावर घेत होते, तुझ्याकडे पाठ फिरवत होते, आणि मला ते आवडत होतं. हे लिहायला सगळ्यात जड जातंय. मला ते आवडत होतं.

पुढे आवडेनासं झालं, तोवर फार उशीर झाला असं वाटायचं. दर वर्षी वाटायचं, आता कसं सांगणार?

तर काल शनिवारी हॉलमध्ये जेवण होतं. कोकरू भाजलं होतं, साठ-सत्तर माणसं होती. आई मुद्दाम पुढच्या टेबलावर बसली आणि काठी मांडीवर आडवी धरून माझ्याकडे पाहत राहिली. मी खुर्चीवर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. फोन, वारा, पिना, लोकर. माझं संपल्यावर मी खुर्चीवरून उतरले. मला वाटलं, आता माझ्याही टेबलावर कुणी बसणार नाही, आणि ते रास्तच होईल.

मग म्हातारे आन्ते उठले. "थांबा थांबा," म्हणाले. "म्हणजे अकरा वर्षं मी लोव्रेशी बोललो नाही ते फुकटच? मला तर तो आवडायचा!"

पराओनेबाई मागून ओरडल्या, "मी पहिल्यापासून म्हणत होते की लोकर मला सोमवारी चालली असती! माझं कुणी ऐकलंय का?"

लोव्रे, हॉल असा हसला की ताटं वाजली. आन्ते हसता हसता रडायला लागले, मग मीही. त्यांनी भिंतीवरची तुझी तांबुरित्सा काढली. होय, अजून तिथेच आहे, कुणी ती उतरवली नाही आणि कुणी वाजवलीही नाही. फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाले, "तारा मी बसवतो. त्याला म्हणावं, बोटं तू आण." मला शिव्याही भरपूर पडल्या, काळजी करू नकोस. पाद्रीबाबा म्हणाले की त्यांच्याकडे मी यायला हवं होतं, अकरा वर्षं कमी लागली असती.

आणखी एक सांगायचंय. तुझ्यासारख्या खात्याच्या माणसाला हे सांगताना जीभ जड होते. डार्गाविलच्या मोठ्या दुकानावर फलक लागलाय, रविवारी दहा ते चार. त्यांचा पाव माझ्या पावापेक्षा स्वस्त असणार. त्या फलकापुढे मी बस चुकेपर्यंत उभी होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की पडद्याने माझी अर्धी बाजू झाकून ठेवलीय. रविवारी त्या मोठ्या दुकानाचं तर सगळंच झाकलेलं असायचं, आणि गावातलं प्रत्येक माणूस दुधाच्या निमित्ताने माझ्या दारात यायचं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

पण मी घाबरलेली नाही. खरंच नाही. जंगलातली मोठी झाडं बघायला जाणाऱ्या गाड्या आपल्याच दारावरून जातात. उजव्या बाजूला दोन टेबलं टाकते, कॉफी ठेवते, आई फ्रितुले तळणार म्हणतेय. काल तिने मला विचारलं, "रविवारी काम करायचं तर मग चर्चला कधी जायचं?" मी म्हटलं, दहा वाजता अर्धा तास दुकान बंद. ती म्हणाली, "पडदा ओढून जाऊ." मग आम्ही दोघी इतक्या हसलो की तिची कवळी सुटली.

पाच तारखेला तू आलास तर मी दारात उभी असेन. नाही आलास तरी उभी असेन, आणि पडदा असू दे लटकलेला, हसू दे लोकांना. मी तुझी माफी मागते, लोव्रे. अकरा वर्षं उशिरा मागते.

ज्या "बरं"वर तू विश्वास ठेवलास, ते म्हणणारी
तुझी विन्का


फांगारेई
बुधवार, १ ऑगस्ट १९९०

विन्के,

पत्र दोनदा वाचलं. एकदा मी, एकदा आयलीनने मोठ्याने. पावतीपाशी ती हसू लागली आणि कवळीपाशी तिला पाणी द्यावं लागलं. मी हसलो का? नवं घड्याळ बघत होतो.

खरं सांगतो, त्या रविवारी मी तुझ्याकडे का पाहिलं नाही ते. पडदा सारताना तू इतकी खूश दिसत होतीस की मला हसू येत होतं. साहेब शेजारी होता.

रविवारी सकाळी नऊला येतो. सोबत आयलीन, जोसी आणि स्क्रूड्रायव्हर. डाव्या स्क्रूला तेल आत्ताच घाल. दांडी मी काढेन, पडदा घडी करून आईला देईन, जाळायचा नाही. त्यानंतर शिडी बाहेर न्यायची. बाबांनी पाटी लावली तेव्हा खालून शिडी मी धरली होती. या वेळी तू धर. 'मुलगा' मी खरडून काढतो. रंगाचा डबा आणि ब्रश तुझ्याच दुकानातून घेईन, उजव्या बाजूचे.

आन्तेंना सांग, बोटं आखडलीत, पण आणतो.

आणि पांढऱ्या लोकरीचे दोन गुंडे माझ्यासाठी काढून ठेव. शाल जोसीच्या बाळाची आहे, सोमवारपर्यंत थांबता येणार नाही. पावती सुवाच्य लिही. ही मी खात्याकडे पाठवणार नाही, माझ्याजवळ ठेवणार आहे.

तुझा भाऊ,
लोव्रे